फ्लशचं पाणी पिवळं का? आमच्या एसटीपीचा चार वर्षांचा हिशेब

आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. सगळे एसटीपी म्हणतात, मीही तेच म्हणते. गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या सोसायट्यांच्या लोकांनी मला गाठलं. "काकू, घ्यावा का? वास येतो का? परवडतो का?" प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी इंजिनिअर नाही. वीज कंपनीच्या हिशेब खात्यात 31 वर्षं काढली आणि आता सोसायटीची खजिनदार आहे. पाण्याचं शास्त्र मला प्लांटच्या खोलीत उभं राहून जेवढं कळलं तेवढंच येतं. बिलं मात्र सगळी माझ्याकडं आहेत.

जागा छत्रपती संभाजीनगरात, बीड बायपासच्या पलीकडं. 72 फ्लॅट, माणसं पावणेतीनशेच्या वर. प्लांट दिवसाला 40 हजार लिटरचा, पार्किंगच्या कोपऱ्यात जमिनीखाली. इमारत उभी राहिली तेव्हा या भागात ड्रेनेजची लाइन नव्हती, म्हणून बिल्डरनं तो बांधला. ताबा देताना चालवून दाखवा म्हटलं तर त्यानं बटण दाबलं, मोटार घरघरली, "बघा, चालू आहे" म्हणाला आणि किल्ली आमच्या हातात देऊन मोकळा झाला. पुढं पाच वर्षं तो प्लांट म्हणजे आमचा सगळ्यात महागडा सेप्टिक टँक होता. भरला की मैला उपसणारी गाडी यायची, आणि ती आली की तळमजल्याची माणसं दारं लावून बसायची.

2021 च्या उन्हाळ्यात टँकरचं बिल बघून मी मीटिंगमध्ये विषय काढला. माझं माहेर लातूरचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं, आम्ही भावाच्या घरी बघितलं. वहिनी भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून संडासात टाकायची. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे. इतक्या लांबून, रेल्वेत घालून आणलेलं पाणी माणूस एकदा वापरतो आणि नालीत सोडतो. वहिनी जे बादलीनं करत होती तेच आम्हाला 72 घरांसाठी करायचं होतं, आणि त्यासाठी आमच्याकडं यंत्र पडून होतं.

दुरुस्तीला साडेसहा लाख लागले, म्हणजे फ्लॅटमागं नऊ हजार. ब्लोअर नवा, टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर सगळे नवे, फिल्टरमधली वाळू आणि कार्बन नवा. बिल्डरनं एक काम चांगलं करून ठेवलं होतं. छतावर फ्लशची टाकी वेगळी आणि डक्टमधून खाली येणारा पाइपही वेगळा. तुमच्याकडं ही दुहेरी पाइपलाइन नसेल तर आधी ते बघा. राहत्या घरांची बाथरूम फोडून ती करायला कुणी तयार होत नाही. अशा ठिकाणी शुद्ध केलेलं पाणी फार तर बागेला आणि पार्किंग धुवायला वापरता येतं, आणि तेवढ्यासाठी एवढा खर्च करायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

प्लांट करतो काय, ते मला समजलं तसं सांगते. सगळ्या घरांचं पाणी आधी जाळीतून जातं. जाळीत काय काय सापडतं ते लिहीत नाही, पण सॅनिटरी पॅड संडासात टाकणारे लोक आमच्या शिकलेल्या सोसायटीत आहेत एवढं सांगते. मग पाणी मोठ्या टाकीत येतं, जिथं ब्लोअर खालून हवा सोडतो. त्या टाकीत जिवाणू असतात. पाण्यातली घाण हेच त्यांचं जेवण, आणि जेवायला त्यांना हवा लागते. मग दुसरी टाकी, जिथं पाणी शांत राहतं आणि गाळ खाली बसतो. त्यातला बराच गाळ परत पहिल्या टाकीत, कारण तो गाळ म्हणजेच आपले जिवाणू. वरचं निवळ पाणी वाळूतून, कार्बनमधून, मग त्यात हायपो, म्हणजे द्रवरूप क्लोरीन, आणि पंपानं छतावर. झालं. मला वाटलं होतं काहीतरी औषध घालून पाणी स्वच्छ करत असतील. तसं नाही. हे एक पाळलेलं जनावर आहे, आणि ते रोज खातं.

जनावर म्हणाले ते उगाच नाही. चालू करताना ठेकेदाराच्या माणसानं माझ्याकडं यादी दिली: ताजं शेण दोन पाट्या, गूळ दहा किलो, थोडा युरिया. मला वाटलं, पूजा आहे की काय. पण खरंच, शेण कालवून टाकीत सोडलं, गूळ विरघळवून ओतला. सुरुवातीला सगळीकडं पांढरा फेस, डिटर्जंट सांडल्यासारखा. तीनेक आठवड्यांनी फेस बसला आणि पाणी तपकिरी झालं. त्या टाकीचा रंग उकळलेल्या चहासारखा असला की समजायचं, प्रकृती बरी आहे. काळपट झाला की डॉक्टर बोलवा. आणि वास? निरोगी टाकीला संडासाचा वास येत नाही, ओल्या मातीचा येतो. पहिल्या पावसानंतर येतो तसा. हे मी स्वतः झाकण उघडून हुंगून सांगते आहे. मुलीनं व्हिडिओ कॉलवर हे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तुला निवृत्तीनंतर दुसरा छंद मिळाला नाही का?"

आता तक्रार. पहिल्या ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कोर्टकचेरी नको. महिन्याला 12 हजारांत सगळं बघतो म्हणाला, आम्ही खूश. त्याचा पोरगा दिवसातून एकदा दुचाकीवर यायचा, रजिस्टर लिहायचा आणि जायचा. रजिस्टर मात्र देखणं! पीएच 7.2, क्लोरीन 0.5, ब्लोअर चालू. रोज 7.2, रोज 0.5. मला तिथंच खटकलं. हिशेबात 31 वर्षं काढलेल्या माणसाला महिनाभर न हलणारा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. एक दिवस सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत लाइट नव्हती, त्या दिवशीही रजिस्टरमध्ये "ब्लोअर चालू". मी विचारलं तर म्हणे, "काकू, ते मी सकाळीच भरून ठेवतो."

आणि मग अळ्या निघाल्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला घरी बोलावलं आणि फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून दाखवलं. पांढऱ्या प्लास्टिकवर चार-पाच लाल अळ्या, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या, आठ आकड्यासारख्या वळवळत होत्या. त्या म्हणाल्या, "हेच का तुमचं शुद्ध पाणी?" काय बोलणार? खाली जाऊन हायपोचा डबा हलवला तर रिकामा. कधीपासून रिकामा होता देव जाणे. नंतर कळलं, पाण्याशेजारी घोंगावणाऱ्या बारीक चिलटासारख्या माशीच्या त्या अळ्या. छतावरच्या टाकीचं झाकण फुटलं होतं आणि पाण्यात क्लोरीन नव्हतं, त्यामुळं झाल्या. चावत नाहीत, रोग आणत नाहीत, पण हे 72 घरांना कोण समजावणार? त्या आठवड्यात निम्म्या लोकांनी फ्लशची लाइन बंद करून बादल्या लावल्या. चौदाव्या महिन्यात आम्ही तो ठेका मोडला.

दुसरा ठेकेदार 22 हजार घेतो. फरक एकच, त्याचा माणूस रोज आठ तास इथंच असतो. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याकडचा पोरगा आहे, बारावी झालेला. पहिल्या दिवशी त्यानं काय केलं ते सांगते, कारण ठेकेदार निवडताना तुम्हीही हेच करायला लावा. त्यानं एक लिटरचं काचेचं नळकांडं काढलं, हवेच्या टाकीतलं चहासारखं पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि खिडकीत ठेवलं. "काकू, अर्धा घंटा थांबा." आम्ही दोघं बघत बसलो. आधी सगळं गढूळ. मग हळूहळू मधेच एक रेघ उमटली, वर फिकट पाणी, खाली तपकिरी ढग, आणि ती रेघ डोळ्यांदेखत खाली सरकायला लागली. अर्ध्या तासानं गाळ 120 मिलिलिटरच्या खुणेवर. तो म्हणाला, "एवढाच? आपले बॅक्टेरिया उपाशी हायेत की मेलेत, ते बघावं लागंल." मग गूळ आला, परत गाळ फिरवायचा पंप दुरुस्त झाला, आणि दीड महिन्यानं तीच रेघ 300 च्या आसपास थांबली. आता रजिस्टरमध्ये रोज वेगळा आकडा असतो: 280, 310, 295. मला ते आकडे बघून बरं वाटतं.

दिवाळीची गंमत सांगायची राहिली. दिवाळीच्या आधी सगळ्या घरांत सफाई. संडास घासायला ॲसिड, फरशीला फिनेल, मोरीला ब्लिचिंग. ते सगळं एकाच दिवशी टाकीत येतं आणि जिवाणूंचा नरकासुर होतो. त्यावर लगेच अर्धी सोसायटी गावाला, म्हणजे उरलेल्या जिवाणूंना जेवणही नाही. पहिल्या वर्षी भाऊबीजेला परत आलो तर प्लांट काळा पडला होता. आता पोरगा नोटीस लावायला लावतो: "ए विंगनं ॲसिड सोमवारी वापरावं, बी विंगनं गुरुवारी." लोक हसतात, पण ऐकतात. सुट्टीत तो दिवसाआड गूळ टाकतो. गेल्या दिवाळीत माझ्या खर्चात "गूळ, 5 किलो" अशी नोंद आहे, आणि लेखापरीक्षकानं त्यावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह केलं होतं.

आता वासाबद्दल खरं सांगते. एरवी येत नाही. येतो तो लाइट गेल्यावर. ब्लोअर चार-पाच तास बंद राहिला की टाकीतली हवा संपते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. आमचं जनरेटर लिफ्टला आणि जिन्याच्या दिव्यांना जोडलेलं होतं, ब्लोअरला नव्हतं. 11 हजार खर्चून जोडून घेतलं. चार वर्षांतला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हाच. ठेकेदार हे सुचवत नाहीत, तुम्ही आधीच मागा.

पिवळेपणा. हा प्रश्न मला रोज कुणीतरी लिफ्टमध्ये विचारतं. पाणी शुद्ध आहे, पण काचेच्या ग्लासात धरलं तर अगदी फिकट पिवळी झाक दिसते. फिल्टरमधला कार्बन नवा असतो तेव्हा दिसत नाही, वर्षभरानं दिसायला लागते. आमच्या परवानगीत बीओडी 10 च्या आत हवा. बीओडी म्हणजे पाण्यात जिवाणूंना खायला किती घाण उरली त्याचं माप. आपल्याकडं 27 अंशाला तीन दिवस ठेवून ते मोजतात, म्हणून रिपोर्ट लगेच मिळत नाही. आमचा मागचा रिपोर्ट: प्लांटमध्ये येताना 210, बाहेर पडताना 8. तरीही रंग बघून लोक दोनदा फ्लश करतात! म्हणजे वाचवलेलं पाणी तिथंच घालवतात. काहींनी टाकीत निळ्या वड्या टाकायला सुरुवात केली आहे. निळं चालतं, पिवळं चालत नाही. असो.

बागेची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथं मी फसले. प्लांट घाण काढतो, क्षार काढत नाही. आमच्या बोअरचं पाणीच जड, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, 900. त्यात साबण, मीठ, माणसाचं जे काही असतं ते, सगळं मिसळून प्लांटमधून निघताना 1150 च्या आसपास. पहिल्या उन्हाळ्यात मी उत्साहानं सगळ्या झाडांना हेच पाणी सोडलं. मे महिन्यात मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, जशा तव्यावर पोळीच्या करपतात. जास्वंदीचं तेच. मातीवर पांढरी खपली धरली. आपली काळी जमीन, पाणी धरून ठेवणारी. असं खारं पाणी मुरवत राहिलं तर ती चोपण, म्हणजे खारवट आणि कडक, व्हायला वेळ लागत नाही. रोपवाटिकेवाल्या एका काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. कडुनिंब, करंज, कण्हेर, बोगनवेल यांना हे पाणी खुशाल द्या. मोगरा, जास्वंद, गुलाब यांना नको, आणि द्यायचंच तर मधूनमधून साधं पाणी भरपूर सोडून माती धुऊन काढा. उरलेलं काम जूनचा पाऊस करतो. आता आमची बोगनवेल मे महिन्यात अशी फुलते की रस्त्यावरून जाणारे थांबून फोटो काढतात. ते काकाही अधूनमधून ट्रॅक्टरची टाकी घेऊन येतात आणि जास्तीचं पाणी फुकट नेतात.

फुलांवरून आठवलं. प्लांट चालू झाल्यावर पहिल्याच गणपतीत बी विंगच्या आजींनी मला बागेतच धरलं. "या दूर्वांना कुठलं पाणी घालता गं?" मी सांगितलं. त्यांनी हातातल्या दूर्वा खाली टाकल्या. "संडासाचं पाणी देवाला?" मी रिपोर्ट सांगितला, बीओडी सांगितला. मग म्हटलं, आजी, जायकवाडीच्या नाथसागरात येणारी गोदावरी नाशिकपासून किती गावांच्या दारावरून येते, तेच पाणी आपण पितो ना? आजी म्हणाल्या, "ती नदी आहे. ही टाकी आहे." याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. शेवटी पूर्वेकडच्या भिंतीलगत एक वाफा वेगळा केला, तुळस, दूर्वा, जास्वंद, पांढरा चाफा, आणि त्याला साध्या पाण्याचा नळ दिला. दिवसाला दोन बादल्या लागतात. भांडण संपलं. वर जास्वंदीची पानंही वाचली, म्हणजे आजींचं सोवळं आणि टीडीएस दोघं एकाच बाजूला निघाले.

सगळ्यात गंभीर गोष्ट आता सांगते. 2023 मध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं बाथरूमचं काम काढलं. प्लंबर बाहेरचा. डक्टमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन पाइपांपैकी त्यानं जवळचा पकडला आणि कपडे धुण्याच्या मशीनचा नळ त्याला जोडला. तो पाइप फ्लशचा होता. मशीनला जोडला तो वाचलो. वॉशबेसिनला जोडला असता तर त्या घरातलं पोर त्याच पाण्यानं चूळ भरत बसलं असतं. लक्षात कसं आलं? पांढऱ्या शर्टांना पिवळट झाक यायला लागली आणि त्या घरातल्या ताईंनी साबण कंपनीला शिव्या घालत मला सांगितलं. टीडीएसचं पेनाएवढं मीटर घेऊन गेले, नळाखाली धरलं: 1140. पोटात धस्स झालं.

त्याच हिवाळ्यात मी मुलीकडं गेले. ती ॲरिझोनात फिनिक्सजवळ गिल्बर्टला राहते. ते खरं वाळवंट. फिनिक्सला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, आपल्याकडं साधारण सातशे. पण टँकर आमच्या दारात आणि तिच्या दारात हिरवळ! मी तिला म्हटलं, हे पाणी येतं कुठून? तिनं फिरायला नेलं ते एका पाणथळीवर. 110 एकरांचा परिसर, बगळे, बदकं, पाणकावळे. गावाचं शुद्ध केलेलं सांडपाणी त्या तळ्यांत सोडून जमिनीत मुरवतात. तिथं मला दिसला तो जांभळा पाइप. जांभळी झाकणं, जांभळे व्हॉल्व्ह, जांभळ्या पाट्या: हे पुनर्वापराचं पाणी आहे, पिऊ नका. टुसॉनला गेलो तिथंही तेच. त्या शहरात 1984 पासून असल्या पाण्याची वेगळी लाइन आहे, मैदानांना आणि बागांना तेच जातं. फिनिक्सच्या पश्चिमेला एक अणुवीज केंद्र आहे, जवळ ना नदी ना समुद्र. शहरांचं सांडपाणी 58 किलोमीटर पाइपातून नेऊन त्यावर ते थंड ठेवतात. वीज कंपनीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं मला ते ऐकून नागपूर आठवलं. कोराडीच्या केंद्राला नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही. आणि नामिबियाची राजधानी विंडहुक तर 1968 पासून सांडपाणी पुन्हा शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळते. हे मी परत आल्यावर मीटिंगमध्ये सांगितलं. एक काका म्हणाले, "मॅडम, उद्या आम्हालाही पाजाल." मी म्हटलं, काका, आपल्याला हायपोचा डबा वेळेवर भरता येत नाही, पिण्याचं नाव कशाला काढता? विंडहुकवाल्यांकडं फिल्टरमागं फिल्टर आणि तपासणीमागं तपासणी असते. आपल्याकडं मंठ्याचा एक पोरगा आणि एक नळकांडं.

पण जांभळा रंग मी आणला. पेंटरला सांगितलं, फ्लशचा पाइप वरपासून खालपर्यंत जांभळा. त्यानं आणला तो वांगी रंग. राहू दे म्हटलं. आता 72 घरांच्या डक्टमध्ये वांगी रंगाचा पाइप आहे आणि नवीन प्लंबर आला की वॉचमन आधी त्याला तो दाखवतो. शिवाय वर्षातून एका रविवारी आम्ही फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह दोन तास बंद करतो आणि घरोघर फिरतो. फ्लशशिवाय दुसऱ्या कुठल्याही नळाचं पाणी बंद पडलं तर समजायचं, कुठंतरी चुकीचा जोड आहे. पहिल्याच वर्षी आणखी एक सापडला, संडासातला जेट. जेटचं पाणी अंगाला लागतं, तो साध्या लाइनवरच हवा. ही तपासणी फुकटात होते, प्लांट असलेल्या प्रत्येक सोसायटीनं करावी.

आता पैसे, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत. ठेकेदार 22 हजार, लाइटबिल 15 हजारांच्या आसपास, हायपो-तपासणी-किरकोळ 3 हजार. महिन्याला 40 हजार, वर्षाला 4 लाख 80 हजार. मिळतं काय? दिवसाला फ्लशचे 9 हजार आणि बागेचे 5 हजार, असं 14 हजार लिटर साधं पाणी वाचतं. दहा हजार लिटरचा टँकर आम्हाला सरासरी 1,100 रुपयांना पडतो. म्हणजे महिन्याला 46 हजारांची बचत, पण ती टँकर लागतात त्या सात महिन्यांतच. पावसाळ्यात आणि नंतर काही काळ बोअर भरलेली असते, टँकर नसतो, तेव्हा बचत शून्य आणि खर्च मात्र तोच. सात महिन्यांचे 3 लाख 22 हजार. वजा करा. वर्षाला दीड लाखाच्या वर तोटा. फ्लॅटमागं महिन्याला 180 रुपये. सुरुवातीचे नऊ हजार मी यात धरलेच नाहीत.

म्हणून जो ठेकेदार तुम्हाला "तीन वर्षांत पैसे वसूल" म्हणतो त्याला चहा पाजून परत पाठवा. टँकरचा भाव आणखी चढला तर गणित बदलेल, बारमाही टँकरवर असलेल्या सोसायटीचं तर आजच वेगळं असेल. आमचं हे असं आहे. आम्ही 180 रुपये का देतो? मैल्याची गाडी बंद झाली. एप्रिल-मे मध्ये टँकर आला नाही तरी फ्लशला पाणी असतं, आणि ज्यांनी ते नसणं पाहिलं आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. मीटिंगमध्ये दरवर्षी एकदा "बंद करून टाका" असा सूर निघतो. दरवर्षी तो मार्चमध्ये निघत नाही, ऑगस्टमध्ये निघतो.

लहान सोसायटीला, म्हणजे वीस-तीस फ्लॅटला, मी हा घ्या म्हणणार नाही. आठ तासांचा माणूस तुम्हाला परवडणार नाही आणि माणसाशिवाय यंत्राला काही अर्थ नाही. त्यापेक्षा फक्त आंघोळीचं आणि मोरीचं पाणी वेगळं काढून झाडांना द्या.

यंत्राला पाचपैकी साडेतीन. पहिल्या ठेकेदाराला शून्य. मंठ्याच्या पोराला पाच, पण त्याला पोलीस भरतीची तयारी करायची आहे आणि तो गेला की आम्ही काय करणार, हा विषय मी अजून मीटिंगमध्ये काढलेला नाही. येत्या रविवारी फिल्टरची वाळू बदलायची आहे. कुणाला प्लांट बघायचा असेल तर सकाळी नऊच्या आत या. नंतर झाकणं तापतात, हात लावता येत नाही.